आमची वाटचाल: बी मरू नये, बुरशी जगू नये

लॅब बघायला कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "वहिनी, तुम्ही नक्की विकता काय?" बी तर गिऱ्हाईकच आणून देतं. आम्ही ते धुऊन परत करतो. धुणावळ घेतो म्हणा! फक्त धुतलेलं बी अगारवर, म्हणजे जेलीसारख्या खाद्यावर, ठेवलं की पंधरा दिवस त्याच्या आजूबाजूला बुरशीचा धागा दिसता कामा नये, आणि बी मात्र उगवलं पाहिजे. या दोन अटींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आमचा सगळा धंदा बसतो.

मी मूळची निपाणीची, तंबाखूवाल्या घरातली. तरू म्हणजे रोपं टाकायच्या दिवसांत वडील तंबाखूचं बी राखेत कालवून वाफ्यावर फेकायचे. एका ग्रॅममध्ये १०-१२ हजार बिया. राख नसली तर वाफ्यात कुठे झुपका, कुठे टक्कल. पुढे कोल्हापूरला एम.एस्सी. करताना टिश्यू कल्चरचं, म्हणजे बाटलीत पेशींपासून रोपं वाढवायचं, एम.एस. माध्यम (पेशींचं खाद्य) शिकले. मुराशिगे आणि स्कूग यांनी ते १९६२ साली प्रसिद्ध केलं. केळीपासून कितीतरी झाडांना चालणारं हे माध्यम मुळात तंबाखूच्या पेशी वाढवण्यासाठी तयार झालं होतं, हे वाचल्यावर मी हॉस्टेलवरून घरी फोन केला. वडील ऐकून घेऊन म्हणाले, "मग दर का मिळंना गं आम्हाला?"

केळीची रोपं करणाऱ्या एका लॅबमध्ये ४ वर्षं नोकरी केली आणि लग्न होऊन बेळगावला आले. सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, उद्यमबागेत लेथवरच्या टर्निंगचं शॉप. २०१६ मध्ये वडगावच्या घराच्या मागच्या खोलीत जुना लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेचं टेबल, बसवला, एक उभा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारा मोठा कुकर, घेतला आणि आम्हीही केळीचीच रोपं करायला घेतली. तो बेत वर्षभरात बुडाला. मोठ्या लॅबच्या दरापुढे आमची खोली कुठून टिकणार? बँकेचा हप्ता तेवढा लक्षात राहिला.

बी धुण्याचं काम आपण होऊन दारात आलं. धारवाडकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी. तिला प्रयोगासाठी तंबाखूची निर्जंतुक रोपं हवी होती आणि चार वेळा तिच्या बश्यांवर काळी बुरशी चढली होती. पाचव्या वेळी ती पाकीट घेऊन माझ्याकडे आली. तिची पद्धत विचारली तर कागदावर सगळं बरोबर होतं: ७० टक्के अल्कोहोल एक मिनिट, मग ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट दहा मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुणं. पण तंबाखूचं बी पाण्यावर तरंगतं. प्रत्येक दाण्याभोवती हवेचा बुडबुडा राहतो आणि त्या बुडबुड्यात बुरशी सुखरूप बसते. ब्लीचमध्ये ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचा एक थेंब टाकला आणि नळी सतत हलवत ठेवली, तेव्हा बी तळाला गेलं. राहिला धुताना बी वाहून जाण्याचा प्रश्न. तो मामांनी सोडवला. अगदी बारीक स्टीलच्या जाळीची बोटाएवढी डबी वेल्डिंग करून दिली, चहाच्या गाळणीचं पोर म्हणावं अशी. पहिली डबी ३०४ ग्रेडच्या स्टीलची होती. सहा महिन्यांत ब्लीचने तिच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडले. "क्लोरीन असेल तर ३१६ लागतं, आधी सांगायचं नाहीस का," म्हणत त्यांनी दुसरी केली. ती अजून चालू आहे.

त्या मुलीच्या बश्या स्वच्छ निघाल्या आणि तिच्या मैत्रिणी आल्या. धारवाड, कोल्हापूर, इथली कॉलेजं, असं तोंडोतोंडी काम वाढलं.

लोकांना वाटतं एक रेसिपी असते. नसते. सोयाबीन ब्लीचमध्ये टाका, काही मिनिटांत साल सुरकुतते, ब्लीच सालीखाली शिरतं आणि बी आतून भाजतं. त्याला आम्ही वायूने करतो. डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या भांड्यात, कोरडं बी पसरायचं, शेजारी १०० मिली ब्लीचचं भांडं, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे ३-४ मिली सोडून झाकण लगेच बंद. क्लोरीन वायू रात्रभर आपलं काम करतो. बी ओलं असेल तर तेही मरतं, म्हणून आधी नीट वाळवायचं. हे सगळं फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात. घरच्या मोरीत कुणी करून बघू नये, क्लोरीन फुप्फुसाला सोडत नाही.

या वायूनेच मला एकदा पुरतं उघडं पाडलं. बारीक बियांच्या २४ नळ्या, प्रत्येकीत वेगळं वाण, प्रत्येकीवर मार्करने सुंदर अक्षरात नंबर. चार तासांनी झाकण उघडलं तर नळ्या कोऱ्या. क्लोरीनने बुरशीबरोबर शाईही खाल्ली होती. गिऱ्हाइकाला फोन करून खरं सांगितलं, बी परत मागवलं, दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे नंबर पेन्सिलीने पडतात, आणि टेबलावर दिसेल तो मार्कर लॅबमध्ये मदतीला असलेल्या मावशी उचलून नेतात.

मावशींबद्दल एक कबुली द्यायची आहे. २०१८ च्या पावसाळ्यात महिनाभर जे धुवावं त्यावर बुरशी. बेळगावचा पाऊस म्हणजे भिंतींनासुद्धा मिशा फुटतात. मी लॅमिनार तपासला, फिल्टर तपासला आणि शेवटी मावशींच्या हाताला दोष दिला. दोष निघाला कॅनमध्ये. हायपोक्लोराइटचा कॅन होळीपासून खिडकीशी उन्हात पडून होता. लेबलवर ४ टक्के क्लोरीन, टायट्रेशन करून मोजलं तर निम्मंसुद्धा नाही. मावशींची माफी मागितली. आता प्रत्येक कॅनवर आणल्याची तारीख असते, तो काळ्या पिशवीत असतो आणि दर पंधरवड्याला टायट्रेशन होतं.

पारा आम्ही वापरत नाही. मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं संयुग ०.१ टक्का, पाच मिनिटं, आणि बुरशीचा विषय संपतो. जुन्या नोकरीत मी रोज वापरलं आहे. पण ते धुतलेलं पाणी कुठे सोडायचं? आमच्या गटारीचं पाणी बळ्ळारी नाल्याला जातं आणि पावसाळ्यात तो नाला शहापूर-वडगावच्या भातशेतात पसरतो. यावरून दोन गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रसायनाने होत नाही. काही बियांच्या आतच जंतू राहतात. वरून कितीही धुवा, बी फुगलं की मोडाजवळून दुधट साय निघते. अशा वेळी मी पैसे परत करते आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगते. आमचं धुणं पोचलं की नाही हे शेवटच्या पाण्यावरून कळतं. पाचव्या वेळचं पाणी बशीवर पसरून ठेवायचं. ती बशी कोरी आणि बी मात्र सायीने भरलेलं, तर दोष आतला.

ऑटोक्लेव्हचंही असंच. गेजवर दाबाचे १५ पौंड आले की आत १२१ अंश, हे पुस्तकात. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास, इथली हवा विरळ, म्हणून तेवढ्याच गेजला आत १२० च्या जरा खालीच राहतं. आम्ही थर्मामीटर बघतो, काट्याला विचारत नाही.

सीमेवरच्या धंद्याचा एक खर्च हिशेबात मांडता येत नाही. प्रश्न तापला की एसटी थांबते, आणि कोल्हापूरचं पार्सल सीमेवरच्या कोगनोळीला अडकतं. निर्जंतुक रोपं टेस्ट ट्यूबमध्ये ऊन खात बसतात. दोनदा माझे मिस्टर स्कूटरवर थर्माकोलचा डबा घेऊन गेले, आणि पलीकडून विद्यार्थी आला.

सध्या टेबलावर खानापूरकडच्या एका शेतकऱ्याचं भात आहे. जुन्या बेळगाव बासमतीचे २२ दाणे, काडेपेटीत. एका कॉलेजातल्या संशोधकांना ते वाण निर्जंतुक रोपांत हवं आहे. भाताची बुरशी टरफलाखाली असते, म्हणून आधी दाणा नखाने सोलायचा, टोकाशी असलेला कोंब न दुखावता. मावशींची नखं याला चिमट्यापेक्षा बरी. पहिले ४ दाणे १५ मिनिटं ब्लीचमध्ये ठेवले, दोघांवर बुरशी आली. उरलेल्या १८ ना २५ मिनिटं दिली. आज अकरावा दिवस. १३ बश्यांत हिरवी सुई वर आली आहे, ३ गप्प आहेत, २ गेल्या. रोज संध्याकाळी सातला त्या शेतकऱ्याचा फोन वाजतो, "वैनी, आज किती झाली?"