फ्लुकोनाझोलची एमआयसी काढताना

एमडीच्या प्रबंधासाठी कॅन्डिडा या बुरशीची औषध-संवेदनशीलता हा विषय मिळाला, तेव्हा वाटलं होतं की बॅक्टेरियाला लावतो तशा डिस्क, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदी चकत्या, लावल्या की झालं. तशी पद्धत आहेही. म्युलर-हिंटन अगार या घट्ट पोषकमाध्यमात २ टक्के ग्लुकोज आणि किंचित मेथिलिन ब्लू घालायचं, फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाची २५ मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचं, वाढ न झालेलं वर्तुळ मोजायचं. स्वस्त आणि सुटसुटीत. पण गाईड मॅडमना एमआयसी हवी होती, म्हणजे वाढ रोखणारी औषधाची कमीत कमी मात्रा.

मग ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनला, म्हणजे द्रव माध्यमात औषध पातळ करत जाण्याच्या पद्धतीला, बसले. ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, मॉप्स या बफरने पीएच ७ ला आणलेलं आरपीएमआय १६४० हे द्रव माध्यम, औषध मिलिलिटरमागे ६४ मायक्रोग्रॅमपासून निम्मं-निम्मं करत ०.१२५ पर्यंत. अकरावी वेल औषधाविना, बारावी बुरशीविना. यीस्टचं, म्हणजे या बुरशीचं, सस्पेन्शन ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणित गढूळपणाला जुळवून इतकं पातळ करायचं, की वेलमध्ये मिलिलिटरमागे ५०० ते २५०० पेशी उरतील. अंगठा दुखतो, पण हात बसला की हे जमतं.

खरी कसोटी प्लेट वाचताना लागते. ॲम्फोटेरिसिन या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाला पूर्ण नितळ वेल शोधायची, त्यात वाद नाही. फ्लुकोनाझोल मात्र कॅन्डिडाला मारत नाही, नुसतं वाढू देत नाही. त्यामुळे अल्बिकन्स या कॅन्डिडाच्या प्रजातीचे काही नमुने प्रत्येक वेलमध्ये ताकाच्या निवळीसारखा धुरकटपणा ठेवतात. हेच ट्रेलिंग. "नितळ वेल शोधत बसू नकोस, अकरावीच्या निम्मी वाढ कुठे दिसते ते बघ," असं आमच्या सीनियर टेक्निशियन ताई म्हणायच्या. एका अल्बिकन्सची एमआयसी २४ तासांना ०.५ आली. तीच प्लेट ४८ तासांनी पाहिली, तर थेट ६४! मी २४ तासांचाच आकडा धरला. ट्रेलिंगवाल्या बुरशीला उगाच रेझिस्टंट ठरवलं की रुग्णाच्या हातचं साधं, गोळीत मिळणारं औषध जातं.

क्रुसाय ६२५८ आणि पॅराप्सिलोसिस २२०१९ हे कॅन्डिडाचे कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे चाचणी बरोबर झाली का ते तपासायचे ठरावीक वाण, त्यांच्या ठरलेल्या मर्यादेत आल्याशिवाय मॅडम बाकीच्या प्लेटकडे बघतही नसत. मला ते पटायचं.

आकडा हाती आला तरी आधी प्रजाती विचारावी लागते. अल्बिकन्सला १६ आला तर रेझिस्टंट लिहायचं. ग्लाब्राटा या दुसऱ्या प्रजातीला तोच १६ आला तर जास्त डोस देऊन चालू शकेल, असं. आणि क्रुसाय असेल तर फ्लुकोनाझोलचा आकडा कळवायचाच नाही, ती प्रजाती मुळातच या औषधाला दाद देत नाही.