डिझेलमध्ये टू-टी ऑइल: पंपासाठी टाकता, पण जातं कुठे?

आमचं डिझेल इंजिनला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंप-नोझलच्या दुरुस्तीचं दुकान नाशिकला, अंबडमध्ये. बाबा मायकोत होते (आता बॉश, पण नाशिककरांच्या तोंडी मायकोच). निवृत्त झाल्यावर त्यांनी टेस्ट बेंच (हे पंप-नोझल तपासायचं यंत्र) घेतला, आता तो मी चालवते. डिझेल गाडीवाले मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच: "ताई, टाकी फुल केली की दोनशे मिली टू-टी टाकतो. चालतं ना?" टू-टी म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल. मी आधी गाडी कुठली ते विचारते, कारण उत्तर त्यावरच आहे.

पंपाच्या दृष्टीने डिझेल हे इंधन आहे तसंच वंगणही आहे. जुन्या ट्रकच्या लाइन पंपात कॅमशाफ्टला इंजिनचं ऑइल मिळायचं. रोटरी पंपात आणि कारच्या कॉमन रेल पंपात तशी सोय नसते. आत जे जे फिरतं आणि घासतं, ते डिझेलमध्येच बुडालेलं असतं. प्लंजर (पंपातला दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांमधली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची. तिथली डिझेलची फिल्म तुटली की धातू धातूला लागतो आणि पंप उघडल्यावर प्लंजरवर उभे चरे दिसतात. बोटाला कळत नाहीत, पण प्रेशर बांधलं जात नाही. गाडी सकाळी लवकर चालू होत नाही, घाटात पिकअप सोडते.

मग टू-टीची कल्पना कुठून आली? डिझेलमधलं गंधक कमी होत गेलं तिथून. बीएस-३ ला दहा लाख भागांत ३५० भाग चालायचे, बीएस-४ ला ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चं १०. लोक म्हणतात गंधक गेलं म्हणजे वंगण गेलं. खरं तर वंगणाचं काम गंधक करत नव्हतं. रिफायनरीत हायड्रोजन वापरून गंधक काढताना नायट्रोजन आणि ऑक्सिजनची काही संयुगंही निघून जातात, आणि धातूला चिकटून राहण्याचं काम ती करायची. म्हणून रिफायनरी वंगणासाठी वेगळं अॅडिटिव्ह घालते. त्याची चाचणीही असते: ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये स्टीलची गोळी चकतीवर ७५ मिनिटं घासायची आणि गोळीवरचा झिजेचा डाग मोजायचा. तो ४६० मायक्रॉनच्या वर गेला तर डिझेल नापास. बीएस-६ डिझेल कोरडं असतं हे म्हणणं रिफायनरीच्या आतल्या एका टप्प्यापुरतं खरं आहे. पेट्रोल पंपावर येणारं डिझेल ही परीक्षा देऊन आलेलं असतं.

पंपावर येईपर्यंत त्यात कुणी काही मिसळलं नसेल तर. इथे मात्र मी लोकांच्या धास्तीला नावं ठेवत नाही. आमच्याच जिल्ह्यात, मनमाडजवळ, २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. रॉकेलच्या त्या धंद्याची आठवण इकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला आहे. रॉकेल पातळ, त्याला वंगण जवळजवळ नाही. भेसळीच्या डिझेलने खाल्लेले पंप बाबांनी किती उघडले याला गणती नाही. अशा वेळी माणूस टाकीत थोडं ऑइल ओततो ते स्वतःची गाडी वाचवायला, हे मला समजतं.

आता गाडी. जुनी इंडिका असेल, रोटरी पंपाची, सायलेन्सरमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेली, तर मी वाद घालत नाही. दोनशे लिटरला एक लिटर या प्रमाणात चांगलं, कमी धुराचं टू-टी टाकलं तर पंपाला थोडी मदत होईल, नुकसान होणार नाही. इंजिनचा आवाज कमी झाला असं बरेच जण सांगतात. अर्ध्या टक्का ऑइलने तो कमी होईल असं मला वाटत नाही. नॉकिंगचं कारण बहुतेक वेळा नोझल असतं. ते फवारा न मारता थेंब गाळायला लागलं की इंजिन खडखडतं आणि काळा धूर टाकतं. बेंचवर लावून प्रेशर सेट केलं, गरज असेल तर नोझल बदललं, की तीच गाडी गप्प होते.

बीएस-६ गाडी असेल तर माझं उत्तर सरळ "नाही" असं आहे. या गाड्यांना डीपीएफ आहे. त्यात साठलेली काजळी हायवेवर जळून जाते, राख मात्र जळत नाही, ती आतच राहते. टू-टी ऑइलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवायला डिटर्जंट असतात, त्यांत कॅल्शियमसारखे धातू असतात, त्यांचीच राख होते. जपानी जासो मानकात एफसी आणि एफडी या कमी धुराच्या ऑइलला राखेची मर्यादा ०.२५ टक्के आहे. आता हिशोब करा. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी लाखभर किलोमीटरला साधारण साडेपाच हजार लिटर डिझेल पिते. दोनशेला एक म्हणजे जवळपास २८ लिटर टू-टी, वजनात चोवीस-पंचवीस किलो. ऑइल मर्यादेच्या काठावरचं असेल तर ६० ग्रॅम राख. ऐकायला कमी वाटते, पण छोट्या कारच्या डीपीएफसाठी ती खूप आहे. शिवाय इंजिन ऑइल जळून होणारी राख असतेच, आणि ती कमी व्हावी म्हणून तर कंपनी या गाड्यांना कमी राखेचं महाग इंजिन ऑइल घालायला सांगते. ते पैसे मोजायचे आणि टाकीतून पुन्हा राख ओतायची, हे मला बघवत नाही. पंप वाचवायच्या नादात डीपीएफ जातो, आणि त्याचं बिल बघून माणसं दुकानात खाली बसलेली मी पाहिली आहेत.

पंपाला खरंच जपायचं तर डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि तो चांगल्या कंपनीचाच घ्या. फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असेल तर पावसाळ्यात तो सोडून बघा. पाण्याने गंजलेले इंजेक्टर माझ्याकडे जून ते सप्टेंबर रांगेने येतात, आणि त्यावर टू-टीचा काही उपयोग नाही. टाकी रिझर्व्हवर येऊ देऊ नका. डिझेलचा संशय आला तर पेट्रोल पंपावर घनता मोजून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. १५ अंशाला काढलेली घनता आणि त्यांच्या नोंदीतली घनता यांत ३ पेक्षा (किलो प्रति घनमीटर) जास्त फरक आला तर डिझेल घेऊ नका, तक्रार करा.

बीएस-६ गाडीत टू-टी आधीच टाकून झालं असेल तर टाकी उतरवायला धावू नका. दोन-चार वेळच्या ऑइलने काही अडत नाही. पुढच्या वेळी नुसतं डिझेल भरा, आणि डीपीएफचा दिवा लागला तर गावात न फिरता गाडी थोडा वेळ हायवेवर एका वेगात चालवा. त्यानेही दिवा गेला नाही तर स्कॅनर लावून घ्या.