गाण्याचा तक्ता आणि उलटी झालेली खोली

म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट मिळाला की पहिली चर्चा हटकून लोकेशनची होते. आमच्या गटातही तेच झालं. कुणाला डोंगर हवा होता, कुणाला पाऊस, कुणाला गर्दीतून धावणारी मुलगी. दिग्दर्शन आणि एडिटिंग माझ्याकडे होतं, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडलेला: हे सगळं गाण्यात बसणार कुठे? लघुपटात एखादा प्रसंग लांबला तर लांबू देता येतो. इथे गाणं संपलं की खेळ संपला. एक सेकंद उसना मिळत नाही.

गाणं आमच्याच वर्गातल्या एका मित्राने केलेलं घेतलं. प्रसिद्ध गाणं घ्यावं असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण त्यात दोन स्वतंत्र हक्क गुंतलेले असतात: एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. दोन्हींची परवानगी मिळवण्यात सत्र संपलं असतं. मित्राचं गाणं असल्याने कवयित्री, संगीतकार आणि गायिका अशा तिघांच्या सह्या एका कागदावर घेतल्या आणि मोकळे झालो. त्याच कागदावर मी आणखी एक ओळ टाकली होती, की आवाजाचं मिक्सिंग पुढे कितीही बदला, गाण्याची लांबी आणि लय आता बदलायची नाही. संगीतकाराला नंतर शेवटी बासरी वाढवावीशी वाटलीच. तेव्हा ती ओळ कामाला आली.

गाणं होतं घर सोडून निघालेल्या मुलीचं. लय १०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा; लांबी ३ मिनिटं १२ सेकंद. मी आडवा कागद घेतला आणि गाणं ऐकत बार मोजले. चार मात्रांचा एक बार, असे बरोबर ८० बार निघाले. सुरुवातीचं संगीत ८, पहिला अंतरा १६, मुखडा ८, दुसरा अंतरा १६, मुखडा ८, मधला वाद्यांचा तुकडा ८, पुन्हा मुखडा ८ आणि शेवटचं उतरत जाणारं संगीत ८. प्रत्येक बारला एक चौकट. चौकटीच्या वर शब्द, खाली चित्र, त्याखाली कॅमेरा कुठे. पुढचे सगळे वाद या तक्त्यावर बोट ठेवून झाले, आणि म्हणूनच ते लवकर मिटले. डोंगरवाल्याला मी विचारलं, "कुठल्या चौकटीत?" त्याने बराच वेळ कागद पाहिला आणि डोंगर सोडला.

आकडेही नशिबाने सरळ आले. १०० बीपीएम म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदाची. सेकंदाला २५ फ्रेमने, म्हणजे २५ स्थिर चित्रांनी, चित्रीकरण केलं तर एका मात्रेत नेमक्या १५ फ्रेम, एका बारमध्ये ६०. गाणं १२० बीपीएमचं असतं तर मात्रेला साडेबारा फ्रेम आल्या असत्या, आणि अर्ध्या फ्रेमवर कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी, मारता येत नाही. त्याने काही बिघडत नाही, एक मात्रा १२ ची आणि पुढची १३ ची धरायची. पण आमचं टाइमलाइनवरचं, म्हणजे एडिटिंगमध्ये शॉट ओळीने मांडायच्या पट्टीवरचं, काम या १५ च्या पाढ्याने फार सोपं झालं.

आता कल्पना. मुलगी घर सोडते आहे, तर खोली रिकामी होत जावी. पहिल्या अंतऱ्यात भरलेली, दुसऱ्यात अर्धी, शेवटी उघड्या भिंती आणि बाहेरून लागणारं कुलूप. ती खोलीत उभी राहून गाते आणि मधूनमधून एकेक वस्तू खोक्यात जाते. एकच खोली, एक गायिका, थोडं सामान. विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली गोष्ट. कागदावर ही कल्पना सगळ्यांना पटली.

तिची व्यावहारिक अडचण अशी की खोली एकाच दिशेने रिकामी होते. पोस्टर भिंतीवरून काढलं की पुन्हा तसंच लावताना कोपरा इकडचा तिकडे होतो आणि मोठ्या पडद्यावर ते दिसतं. म्हणून शूटिंगचा क्रम खोलीच्या क्रमानेच ठेवला: आधी भरलेल्या खोलीतलं सगळं, मग अर्धी, मग रिकामी. प्रत्येक टप्पा मोडण्याआधी चारही भिंतींचे फोटो. आणि एक अट मी लावून धरली. प्रत्येक टप्प्यात गायिकेने पूर्ण गाणं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, दोन कोनांतून गायचं. तक्त्याप्रमाणे रिकाम्या खोलीत फक्त शेवटचा मुखडा लागणार होता, मग पहिला अंतरा तिथे कशाला गायचा, असं कॅमेरा सांभाळणारा मित्र कुरकुरत विचारत राहिला. माझं उत्तर एवढंच होतं, की एडिटिंगला बसल्यावर मला पर्याय हवेत. नेमका कशासाठी, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

लिपसिंकबद्दल, म्हणजे ओठ वाजणाऱ्या गाण्याशी जुळण्याबद्दल, थोडं सविस्तर लिहिते, कारण विद्यार्थ्यांचे बरेचसे व्हिडिओ तिथेच कच्चे वाटतात. नुसते ओठ हलवले तर ते लगेच कळतं. गळ्याच्या शिरा, श्वास, खांदे काहीच हलत नाही. म्हणून गायिकेला खऱ्या आवाजात गायला सांगितलं आणि स्पीकरचा आवाज तिच्यापेक्षा मोठा ठेवला. गाण्याची फाइल सेटवर नेताना फाइलच्या सुरुवातीला चार मात्रांचे टिकटिक आवाज जोडले, नाहीतर पहिला शब्द प्रत्येक वेळी उशिरा येतो. प्रत्येक अंतऱ्याची आणि मुखड्याचीही अशीच वेगळी फाइल केली, म्हणजे एक ओळ पुन्हा हवी असेल तर सगळं गाणं वाजवायला नको. कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवला. तो आवाज व्हिडिओत वापरायचा नसतो, पण त्याच्या लहरी मूळ गाण्याच्या लहरींशी जुळवल्या की शॉट जागेवर बसतो.

एक शॉट बाहेरचा होता: लांब रस्त्यावरून ती खोकं घेऊन गात येते. स्पीकर तिच्या जवळ, कॅमेरा जवळपास तीस मीटर लांब. लहरी तंतोतंत जुळवल्या तरी ओठ किंचित पुढे धावत होते. कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि २५ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाजाच्या जवळपास चौदा मीटरांची. तीस मीटरवर दोन फ्रेमचा उशीर. चित्र दोन फ्रेम उशिरा येईल असं सरकवलं आणि ओठ बसले. एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटेल, पण डोळा हे बरोबर पकडतो.

मधल्या वाद्यांच्या तुकड्यात, जिथे गायिका फक्त गुणगुणते, तिथे संथ हालचाल हवी होती आणि ओठ मात्र सुरातच. त्यासाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, सेकंदाला ५० फ्रेमने टिपायचं आणि मग २५ ने दाखवायचं. हालचाल अर्ध्या वेगाची होते, ओठ मूळ लयीला येतात. गायिकेने हे आदल्या दिवशी घरी पाठ केलं होतं. सेटवर ती त्या वेगात गायला लागली की सगळे हसायचे, आणि पडद्यावर तोच तुकडा सगळ्यात गंभीर दिसतो.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. आमच्याकडे विभागाचा एक कॅमेरा आणि दुसऱ्या कोनाला फोन होता. फोन स्वतःहून फ्रेमचा वेग कमीजास्त करतात आणि मग लांब शॉट हळूहळू सिंकमधून सरकतो, म्हणून वेग पक्का ठेवणारं ॲप वापरलं. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) दोन्हीकडे हाताने ठरवून पक्के केले. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ, १/५० सेकंदावर. एवढं केलं की नंतर रंग जुळवताना रडावं लागत नाही.

मग पहिला रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, झाला, आणि मी तो गटाबाहेरच्या काही जणांना दाखवला. दाखवताना मी पडद्याकडे पाहत नव्हते, त्यांच्याकडे पाहत होते. "आवडलं का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, ओळखीची माणसं हो म्हणतात. मी विचारलं: गोष्ट काय घडली, आणि कंटाळा कधी आला? गोष्ट सगळ्यांनी बरोबर सांगितली. कंटाळ्याबद्दल कुणी स्पष्ट बोललं नाही, पण बघताना एकाचा हात फोनकडे गेला, दुसरी खुर्चीत सरकून बसली, आणि हे साधारण एकाच ठिकाणी झालं. मी वेळ टिपून ठेवली होती. तक्त्यावर पाहिलं तर तिथे दुसरा अंतरा सुरू होतो: ३२ बार संपल्यावर, १ मिनिट १७ सेकंदांच्या आसपास.

पहिला उपाय म्हणून मी कट वाढवले. प्रत्येक मात्रेवर एक. चित्र धावायला लागलं आणि कंटाळा तसाच राहिला. आयझेनस्टाइन या रशियन दिग्दर्शकाने १९२९ मध्ये मोजून कापलेलं संकलन आणि शॉटच्या आतल्या हालचालीकडे पाहून कापलेलं संकलन यांत फरक केला होता. वर्गात तो परीक्षेपुरता वाचलेला, टाइमलाइनवर तो दिसला. माझे कट पहिल्या जातीचे होते. मात्रा मोजून कापत होते आणि वस्तू उचलणारा हात अर्ध्यात तुटत होता. हात पूर्ण होऊ दिला, काही कट ठेक्याच्या एक-दोन फ्रेम आधी घेतले, काही ठिकाणी पूर्ण दोन बार शॉट तसाच ठेवला. यामुळे अंतरा डोळ्यांना सुखद झाला, पण लोक तिथेच हलत राहिले.

संगीतकाराने ते बघून जे म्हटलं त्यातून वाट निघाली. तो म्हणाला, "शब्द म्हणतायत ती निघाली, चित्र म्हणतंय ती निघाली. मी दोनदा कशाला ऐकू?" अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ मध्ये शब्द आणि दृश्य यांची तीन नाती सांगितली होती: दृश्य शब्द तसेच दाखवतं, त्यांना वाढवतं, किंवा त्यांच्याशी फारकत घेतं. प्रोजेक्टच्या अहवालात आम्ही "वाढवतं" असं लिहून ठेवलं होतं. खरं पाहता आमचं दृश्य शब्दच गिरवत होतं. पहिला मुखडा येईपर्यंत खोक्यात दोन वस्तू गेलेल्या असत, आणि खोली शेवटी रिकामी होणार हे कुणालाही दिसत होतं. त्यापुढची दोन मिनिटं म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीची वाट पाहणं.

खोलीचा क्रम उलटा केला तर? सुरुवातीच्या ८ बारमध्ये कुलूप लागतं. पहिल्या अंतऱ्यात ती रिकाम्या खोलीत गाते. मग अर्धी भरलेली, मग पूर्ण भरलेली. शब्द पुढे जातात, खोली मागे जाते. आणि इथे त्या पूर्ण गाण्याच्या टेकचा उपयोग झाला. रिकाम्या खोलीतला पहिला अंतरा हार्ड डिस्कवर पडूनच होता. तो नसता तर सगळा सेट पुन्हा उभा करावा लागला असता, आणि तोवर त्या खोलीत दुसरं कुणी राहायला आलेलं होतं. कॅमेऱ्यावाल्याला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो काही वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बरं झालं मी ऐकलं तुझं." तो कुरकुरला होता हे मी काढलं नाही.

वस्तू खोक्यात टाकण्याचे शॉट मात्र तसे चालणार नव्हते. ते मी उलटे वाजवून पाहिले. जिथे फक्त हात आणि वस्तू आहे तिथे कमाल झाली: पोस्टर हातातून सुटून भिंतीला जाऊन चिकटतं, पुस्तक रांगेत शिरतं. जिथे केस किंवा ओढणी हलते तिथे उलटेपणा लगेच विचित्र दिसला, ते शॉट काढले. उरलेल्या फटींसाठी खोक्याचे आणि हातांचे थोडे जवळचे शॉट पुन्हा घेतले, साध्या पांढऱ्या भिंतीसमोर. दोन्ही भिंतींतला फरक अजून कुणाला दिसलेला नाही.

नवा कट नव्या लोकांना दाखवला, कारण आधी पाहिलेल्यांच्या डोळ्यांत जुनी गोष्ट बसलेली असते. पहिल्या मुखड्यात अर्धी भरलेली खोली दिसली तेव्हा एक मुलगी पुढे झुकली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, हे उलटं चाललंय!" म्हणजे दुसरा अंतरा सुरू होताना तिच्याकडे काम होतं: आता काय परत येतंय ते शोधायचं. फोनकडे हात गेला नाही. एकदा आवाज बंद करूनही दाखवला. गाण्याशिवायही गोष्ट कळते का, हे तपासायचं होतं; कुलूप आणि खोकं यांवरून बहुतेकांना कळली, एकाला ती घरात राहायला आली असं वाटलं. ते मी तसंच ठेवलं. गाणं ऐकू आलं की तो अर्थ आपोआप दुरुस्त होतो.

शेवटच्या ८ बारमध्ये, म्हणजे १९ सेकंदांत, आता एकही कट नाही. भरलेली खोली आणि ती पलंगावर पुस्तक चाळत बसलेली. हा शॉट आम्ही मुळात सगळ्यात पहिला, प्रकाश तपासायला घेतला होता.

अहवालाला दोन्ही तक्ते जोडले, जुना आणि नवा, कारण परीक्षकांना निकालाइतकंच बदलाचं कारण हवं असतं. त्यांचे प्रश्नही बहुतेक त्या दोन कागदांमधल्या फरकावरच आले. रस्त्यावरचा तो लांब शॉट, दोन फ्रेम सरकवून बसवलेला, उलट्या क्रमात कुठेच बसेना. कुलूप लागल्यानंतरची ती वेळ, आणि आमचा व्हिडिओ कुलपापासून मागे जातो. तो काढावा लागला. कॅमेऱ्यावाल्याला हे अजून मान्य नाही. त्याने तो आपल्या कामाच्या नमुन्यांत पहिलाच लावला आहे.