पंचेचाळिशीत नवीन काम शिकता येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "पंचेचाळिशी आली, आता पूर्वीसारखं झटकन डोक्यात शिरत नाही. अशात क्षेत्र बदलणं शहाणपणाचं आहे का?" यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, आणि पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचं चुकतंच.

आधी वेगाचं बघू. वेश्लर यांच्या बुद्धिमापन कसोटीत एक साधा भाग असतो. वर एक ते नऊ आकडे, प्रत्येकाखाली एक खूण. खाली आकड्यांच्या ओळी आणि रिकामे चौकोन. दीड-दोन मिनिटांत जमतील तितक्या खुणा भरायच्या. यात माणूस विशीच्या आसपासच सगळ्यांत पुढे असतो, मग गुण हळूहळू उतरत जातात. म्हणजे तुम्हाला आज खुपणारी गोष्ट वीसेक वर्षं चालूच होती, फक्त लक्षात आत्ता आली.

पण डोकं म्हणजे एवढंच नव्हे. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासलं. नियम ओळखून पुढचा दुवा शोधणं, शब्दांचा अर्थ लावणं या गोष्टी सरासरीने चाळिशी ते साठीच्या दरम्यान सर्वांत वर दिसल्या. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकाच दिवशी तपासलं तर उतार फार लवकर सुरू झालेला दिसतो, कारण नंतरच्या पिढ्यांना शाळा जास्त मिळालेली असते. ही गफलत अजूनही सर्रास होते.

साठलेलं ज्ञान वेगाची उणीव कशी भरून काढतं, हे टायपिस्टच्या हातांत दिसतं. मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी 1984 साली 19 ते 72 वर्षांच्या टायपिस्टना तपासलं. वयस्कर मंडळींची बोटं आणि प्रतिक्रिया संथ होत्या, तरी टायपिंगचा एकूण वेग तरुणांइतकाच. कारण त्यांची नजर बोटांच्या पुढे जास्त अक्षरं धावत होती. क्षेत्र बदलताना हीच पुढे धावणारी नजर गमावली जाते. माझ्या मते मध्यमवयातल्या बदलाचा खरा खर्च तो.

म्हणून क्षेत्र बदलण्याआधी पंधरा दिवस वही ठेवा. दर दोन तासांनी काय केलंत ते एका ओळीत लिहा आणि पुढे "वेग" किंवा "पारख" असा शेरा मारा. पन्नास नोंदी भराभर संगणकात चढवणं हा वेग. त्यांतली एक रक्कम बघूनच "इथे काहीतरी गडबड आहे" असं वाटणं ही पारख. नव्या कामात तुमच्या पारखेच्या ओळींपैकी निम्म्या तरी कामी यायला हव्यात. हिशेबनीस अंतर्गत लेखापरीक्षणाकडे गेला किंवा वॉर्डातली परिचारिका प्रशिक्षणाकडे वळली, तर साठा सोबत जातो. पदाचं नाव आकर्षक म्हणून उडी मारली की पंचविशीतल्या मुलांशी नेमकी वेगातच स्पर्धा करावी लागते.

दुसरी चूक म्हणजे आधी वर्षभराचा कोर्स आणि मग कामाचा अनुभव. क्रम उलटा करा. ते काम रोज करणाऱ्या दोघांना "काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?" एवढंच विचारा. "काम कसं आहे?" असं विचारलंत तर गोड उत्तर मिळेल. मग सहा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, त्यातला एखादा छोटा तुकडा स्वतः करून बघा. तोवर चालू नोकरी सोडू नका.

शिकण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. नवीन सॉफ्टवेअरचा तासाभराचा व्हिडिओ सलग बघितला तर समजल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. पाच-सात मिनिटं बघा, थांबवा, न बघता तीच कृती करा, अडलात तिथल्या पायऱ्या हाताने लिहा. तीच कृती दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी, दर वेळी आधी आठवून आणि मगच वही उघडून. मधे मोबाइल वाजत असेल तर ही मेहनत फुकट, कारण एका कामातून दुसऱ्यात उडी मारून परत येणं वयाबरोबर महाग पडतं. आणि तरुण सहकाऱ्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या दीडपट वेळ धरूनच वेळापत्रक आखा. हा दीडचा आकडा माझा अंदाज, पण आधीच धरून ठेवला की तिसऱ्या दिवशी रडू येत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच तपासा. स्क्रीनवरचं वाचायला वेळ लागतो तो कित्येकदा जवळच्या चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे. अपुरी झोप, घोरणं, थायरॉइड, बी12 ची कमतरता, रजोनिवृत्तीचा काळ, उदासी, यांतल्या कशानेही डोकं जड होतं. नावं जिभेवर अडकणं नेहमीचंच, पण रोजची वाट चुकायला लागली किंवा चार-सहा महिन्यांत एकदम फरक पडला, तर करिअरचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.