घरातला चॉपर

परवा दुपारी आमच्या हिने फोनवर बहिणीला सांगितलं, "हे होय? हे बसलेत मागं चॉपर करत." पलीकडे बराच वेळ शांतता पसरली असावी, कारण हिला खुलासा करावा लागला, "अगं तसला नव्हे. सायकलचा." मेहुणीचा काही दोष नाही. आमच्या कोल्हापुरात चॉपर म्हटलं की पेपरातल्या मारामारीच्या बातम्याच आठवतात. फार तर कांदा चिरायचं ते दोरी ओढायचं यंत्र.

दोष असलाच तर भंगारवाल्याचा. ऐन दुपारी त्याच्या गाड्यावर एक जेन्ट्स सायकल उताणी पडली होती. मागचं चाक गायब, सीट गायब, पण पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ आणि फ्रेमला कुठे चीर नाही. ३० रुपये किलोनं १८ किलो भरली. सायकल ताणकाट्याला लावून घ्यायची माझी ही पहिलीच वेळ. त्यानं वर घंटी फुकट दिली, कोथिंबीर द्यावी तशी.

माझं वर्कशॉप म्हणजे परसातली पत्र्याची शेड. तिथे श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत आणि प्रत्येकात काहीतरी आहे: वायसर, छर्रे, अर्ध्या इंचाचे बोल्ट, कशाचे ते न कळणारे स्क्रू. श्रीखंड मला फारसं आवडत नाही. डबा बरा मिळतो म्हणून आम्ही सणाला ते आणतो, हे घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तर चॉपर. हा सगळा नाद तिकडचा, अमेरिकेतला. मोटारसायकलींचे मडगार्ड छाट, हे काप, ते लांब कर, असं करता करता ते नाव पडलं, कारण चॉप म्हणजे छाटणं. मग पोरांनी तेच सायकलींवर केलं. कॅलिफोर्नियातली पोरं २० इंची चाकांच्या सायकलींना उंच हँडल आणि केळ्यासारखी लांबट सीट लावून हिंडत होती. ते बघून शिकागोच्या श्विन कंपनीनं १९६३ साली स्टिंग-रे नावाची सायकल काढली. म्हणजे अक्कल पोरांची आणि शिक्का कंपनीचा. पुढे इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीनं तर चॉपर याच नावाची सायकल आणली. पुढचं चाक १६ इंची, मागचं २०, आणि मधल्या दांडीवर मोटारीसारखा गिअरचा दांडा. ऐन दांडीवर! अचानक ब्रेक लागला तर तो कुठे लागेल, हा विचार करणारा माणूस त्या दिवशी रजेवर असावा.

आमच्या गल्लीत यातलं काहीच पोचलं नव्हतं. आमची मजल चाकाच्या मधल्या हबमध्ये रंगीत ब्रशची रिंग आणि हँडलला प्लॅस्टिकचे गोंडे इथपर्यंत. फार श्रीमंती आली तर चिमट्याला फुगा बांधायचा, म्हणजे तारा त्याला घासून बुलेटचा आवाज येतो. फुगा कोपऱ्यापर्यंत टिकायचा. पण कोपऱ्यापर्यंत आपण बुलेटवर असायचो.

सायकल अर्थात भाड्याची. तासाला ५० पैसे. लहान सायकली दोनच, आणि त्या कायम कुणीतरी नेलेल्या. उरायची ती घोड्याएवढी काळी सायकल. तिच्या दांडीखालून पाय घालायचा, एक हात हँडलवर, दुसऱ्यानं सीट काखेत धरायची आणि खेकड्यासारखं तिरकं जायचं. सीटवर बसायचं असतं हे आम्हाला फक्त ऐकून माहीत होतं. ब्रेकही नावालाच. थांबायचं असेल तर उजवी चप्पल जमिनीला घासायची. महिन्याभरात उजव्या टाचेचं पान व्हायचं आणि डावी नवी कोरी. आई विचारायची, "तू एकाच पायानं चालतोस काय रं?"

तर भंगारातल्या सायकलची पहिले तीन दिवस कॉटरपिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी पिन, निघाली नाही. ज्यांनी जुन्या सायकलची कॉटरपिन काढली आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. रॉकेल पाजलं, हातोडा घातला, तिचं डोकं अळंबीसारखं फुललं, पण ती हलेना. शेवटी ड्रिल मारून काढली आणि विजयानं श्रीखंडाच्या एका डब्यात ठेवली. कशासाठी ते विचारू नका.

मग दांडी कापली. हॅक्सॉनं. ग्राइंडर असूनही हॅक्सॉनं. घाई नव्हती.

दांडी खाली घ्यायची, सीटची नळी निम्मी करायची, मागचे दोन पाइप वाकवून चाकाजवळ आणायचे, असा बेत. जोड मी आर्क वेल्डिंगनं मारायला गेलो आणि पातळ नळीला बोट जाईल एवढं भोक पाडलं. तेव्हा सगळं लटांबर घेऊन शिवाजी उद्यमनगर गाठलं. तिथल्या मिस्त्रींनी भोकातून आरपार बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ही कुणी केलं?"

"मीच."

"हं. असल्या नळीला पितळ मारायचं असतंय." त्यांनी गॅस पेटवला, सळई टाकणखारात बुडवली. नळी लालसर झाली तसं पितळ पाण्यासारखं सांध्यात शिरलं. मूळ फ्रेमही अशीच जोडलेली असते. मग त्यांनी चिमटा उचलला. "आणि ह्यो कशाला फूटभर लांब करायचा?"

"चॉपर करायचाय."

"वळायचा न्हाई त्यो."

"नको वळू दे."

यावर त्यांनी थोडा वेळ विचार केला. "मग हरकत न्हाई," म्हणाले आणि दोन्ही पायांत आतून कांब घालून चिमटा लांब करून दिला. पैसे मात्र वळणाऱ्या सायकलचे घेतले.

त्यांचं खरंच होतं. चिमटा लांब, मागे पोराच्या सायकलचं २० इंची चाक, त्यामुळे अख्खी फ्रेम मागे रेलली. हँडल ज्यात फिरतं त्या हेडच्या नळीच्या रेषेत जमिनीपर्यंत दोरी ताणली, पुढच्या आसातून ओळंबा सोडला आणि जमिनीवर दोघांतलं अंतर मोजलं. साध्या सायकलीत ते सहा-सात सेंटीमीटर असतं, माझ्या सायकलीत २० भरलं. म्हणजे वेगात असली की रुळावरच्या गाडीसारखी सरळ जाते, आणि हळू केली की हँडल पेंगलेल्या पोरासारखं एका अंगाला मान टाकतं. हँडल मी घरीच वाकवलं. पाइपात कोरडी वाळू ठासायची, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करायची आणि तापवत वाकवायचं. मग पाइप चेपत नाही. वाळू चांगली भाजून घ्यायची, ओली राहिली तर वाफेनं खुंटी उडते. भाजली कशात, ते हिला अजून माहीत नाही.

रविवारी पहाटे रंकाळ्यावर नेली. फिरायला आलेल्या प्रत्येकानं थांबवून एकच विचारलं, "बॅटरी कुठाय?" बॅटरी नाही म्हटल्यावर माणसं अशी बघायची, जणू मी त्यांना फसवलं. एका आजोबांनी मात्र सीटला हात लावला. सीट जमिनीपासून दोन फुटांवर. म्हणाले, "ह्यावर बरं हाय, पाय पोचत्यात." माझे दोन्ही पाय तेव्हा जमिनीवर सपाट टेकले होते. मी त्यांना बसायचा आग्रह केला. ते बसले, हँडल धरलं आणि समोर तळ्याकडे बघत राहिले. चालवली नाही. मीही घाई केली नाही.

आता राहिला ब्रेक. लांब चिमट्याला जुन्या ब्रेकच्या दांड्या फूटभर तोकड्या पडतात. मागे रिम एवढी खाली गेली की ब्रेकचे रबर तिच्यापासून साडेचार इंच दूर हवेतच मिटतात. हबला पट्टा आवळणारा बँड ब्रेक बसवायचा, असं दोन महिने ठरतंय.

काल हिने दारातल्या माझ्या चपला उचलून उलट्या केल्या. एकदा उजवी बघितली, एकदा डावी.

"अहो," म्हणाली, "हे काय?"