जर्मनीची सहल आणि त्याआधीचा तो काउंटर

बर्लिनला राइशस्टागवरच्या काचेच्या घुमटात जायला एक पैसा लागत नाही. जर्मन संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा भरायच्या, दिवस आणि वेळ निवडायची, ईमेलवर पत्र येतं. दारात ते पत्र आणि पासपोर्ट दाखवला की आत. एका देशाच्या संसदेच्या डोक्यावर माझे आई-बाबा गोल गोल रॅम्पवरून निवांत चालत होते, आणि मला मात्र आमचं पुण्यातलं व्हिसा प्रकरण आठवून तिथेही राग येत होता. तो राग अजून गेलेला नाही.

विमानाचं आरक्षण, रद्द करता येणारी हॉटेलं, विमा हे सगळं पटापट झालं. विमा किमान 30,000 युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत) चालणारा हवा, एवढं बघून घ्या. बाबा निवृत्त आहेत, त्यामुळे त्यांचं पेन्शनचं बँक स्टेटमेंट आणि सगळा खर्च मी करणार असल्याचं माझं पत्र, असं जोडलं. फाइल तयार झाली आणि तिथून पुढे घोडं अडलं.

कारण अपॉइंटमेंटच मिळेना. अर्ज जमा करून घेणाऱ्या केंद्राच्या साइटवर महिनाच्या महिना करडा, म्हणजे एकही तारीख मोकळी नाही. पहाटे उठून बघा, रात्री बारानंतर बघा, तेच. फोन लावला की रेकॉर्ड केलेला आवाज आपल्याला पुन्हा त्याच साइटवर पाठवतो. मधल्या काळात एका एजंटाचा फोन आला, जास्तीचे पैसे दिलेत तर याच आठवड्यात करून देतो म्हणाला. मला दिसत नाही ती तारीख त्याला कशी दिसते, याचं उत्तर मला कोणीही दिलं नाही. मी पैसे दिले नाहीत आणि तुम्हीही देऊ नका. रद्द झालेल्या तारखा मधूनच परत दिसायला लागतात, चिकाटीने बघत राहिलं की सापडतात. एका दुपारी जेवता जेवता तिघांच्याही वेळा एकाच दिवशी मिळाल्या तेव्हा मी ताट बाजूला सारून आधी फॉर्म भरला. प्रत्येकाची अपॉइंटमेंट वेगळी घ्यावी लागते, एकावर तिघं चालत नाही. आणि आई-बाबांचे बोटांचे ठसे पहिल्यांदाच द्यायचे असल्यामुळे त्यांना घरी ठेवून मी एकटी जाणं शक्य नव्हतं.

खरा त्रास काउंटरवर झाला. फोन बाहेर जमा करायचे होते, त्यामुळे कागदावर जे असेल तेच दाखवायचं. तिथल्या मुलाने आमचा दिवसवार कार्यक्रम उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, साल्झबुर्ग ऑस्ट्रियात येतं. मग ऑस्ट्रियाचं हॉटेल कुठेय?"

"अहो, सकाळी म्युनिकहून जायचं आणि संध्याकाळी म्युनिकलाच परत. म्युनिकचं हॉटेल त्या रात्रीसाठी आहेच की. पुढचं पान बघा."

त्याने पुढचं पान बघितलं नाही. "ऑस्ट्रिया लिहिलंय तर ऑस्ट्रियाचं बुकिंग लागेल, नाहीतर फाइल घेता येणार नाही." मी नियम सांगितला: शेंगेन व्हिसासाठी अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा, मुक्काम सारखेच असतील तर आधी ज्या देशात उतरणार त्याच्याकडे. आमच्या सगळ्या रात्री जर्मनीत होत्या. एका दिवसासाठी सीमा ओलांडून परत येण्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. तो म्हणाला, "तुम्ही बाजूला थांबा."

बाजूला म्हणजे खांबापाशी. बाबांना गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही आणि खुर्च्या सगळ्या भरलेल्या. आई सारखी विचारत होती, "काढून टाक ना गं ते साल्झबुर्ग, काय अडलंय?" मला ते काढायचं नव्हतं. खरा कार्यक्रम खरा म्हणून लिहिला होता. मी बाहेर पडले, रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून तक्ता नव्याने टाइप केला आणि त्यात 'रात्रीचा मुक्काम' असा वेगळा रकाना घातला. प्रत्येक ओळीपुढे शहर, हॉटेल, आरक्षण क्रमांक. साल्झबुर्गच्या ओळीपुढे ठळक अक्षरांत म्युनिक. झेरॉक्सवाल्याने पानामागे जे पैसे घेतले ते सांगण्यासारखे नाहीत. मग पुन्हा तपासणीची रांग, पुन्हा फोन जमा.

या वेळी मी सरळ म्हटलं, "निर्णय वकिलात घेते. तुमचं काम कागद स्वीकारायचं. काही कमी वाटत असेल तर तसं लिहून माझी सही घ्या, पण अर्ज आत पाठवा." त्याने वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्यांनी रकान्यावरून नजर फिरवली, "बरोबर आहे, घे" म्हणाल्या आणि निघून गेल्या. ज्या गोष्टीसाठी माझ्या वडिलांना खांबाला टेकून उभं राहावं लागलं, ती एका नजरेत सुटण्यासारखी होती! मी भांडले याचा मला अभिमान आहे. तुम्ही जाल तेव्हा हा रकाना पहिल्यापासूनच ठेवा.

व्हिसाची फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, आणि केंद्राचं शुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण 15 दिवस धरतात, पण ते 45 पर्यंत लांबू शकतात. उन्हाळ्यात जायचं असेल तर होळीच्याही आधी कामाला लागा.

पासपोर्ट तिकडे अडकलेले असताना इकडे नॉयश्वानश्टाइन किल्ल्याची तिकिटं संपत होती. हे मी रोज बघत होते आणि व्हिसा नसताना पैसे अडकवायची हिंमत होत नव्हती. व्हिसा आला त्या संध्याकाळी आम्हाला हव्या त्या दिवशीचं काही उरलं नव्हतं, म्हणून साल्झबुर्ग आणि किल्ला यांची अदलाबदल केली आणि दुपारची वेळ मिळाली. तीच बरी पडली. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या साध्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, पाच जणांपर्यंत एकत्र चालतं आणि साल्झबुर्गपर्यंतही चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. म्युनिकहून फ्युसेनला दोन तास, पुढे किल्ल्याखालच्या होहेनश्वांगाऊ गावापर्यंत बस, मग चढ. किल्ल्याच्या तिकिटावरची वेळ चुकली की ते तिकीट बाद. म्हणजे बायर्न तिकिटाने जाणार असाल तर सोमवार ते शुक्रवार किल्ल्याची दुपारी एकच्या आधीची वेळ घेऊच नये. गुडघे दुखत असतील तर वर जाणारी बस घ्या. ती मारियन पुलाजवळ सोडते आणि तिथून किल्ल्यापर्यंत उतार आहे. बर्फ असेल तर मात्र ती बस बंद असते.

दरीवरच्या त्या पुलावरून दिसतो तो किल्ला सगळ्या फोटोंपेक्षा सुंदर आहे. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने 1869 मध्ये बांधायला घेतला, 1886 मध्ये तो वारला तेव्हा काम अर्धवटच होतं, आणि काही आठवड्यांतच तो लोकांना बघायला खुला झाला. आत फोटो काढू देत नाहीत. 2025 मध्ये लुडविगचे राजवाडे युनेस्कोच्या यादीत गेले, त्यामुळे गर्दी कमी व्हायची आशा नको.

बाबांना सगळ्यात आवडलं ते कोलोनचं कॅथेड्रल. रेल्वे स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की 157 मीटर उंच मनोरे समोरच. 1248 मध्ये पाया घातला, 1880 मध्ये पूर्ण झालं. दक्षिणेकडच्या एका मोठ्या खिडकीत 2007 मध्ये लहान लहान चौकोनी रंगीत काचा बसवल्या आहेत. दुपारच्या उन्हात त्यांचे ठिपके फरशीवर पडतात, बाबा त्यांच्यात हात धरून उभे होते. मनोऱ्याच्या 533 पायऱ्या मी एकटीच चढले.

हो, बर्लिनचं पेर्गामॉन संग्रहालय यादीत असेल तर काढून टाका. ते 2023 पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. शेजारच्या नोयेस म्युझियममध्ये इजिप्तची राणी नेफरतिती हिचा अर्धपुतळा आहे, तो चुकवू नका, पण सोमवारी जाऊ नका. बर्नाउअर श्ट्रासेवर बर्लिनच्या भिंतीचा तुकडा आणि मधली मोकळी पट्टी राखली आहे, टेहळणी मनोराही आहे, तेही फुकट. रविवारी दुकानं बंद असतात, खाण्याचं शनिवारीच घेऊन ठेवा.

आणि कोलोनहून फ्रँकफर्टकडे जाताना ॲप आधी वेगवान गाडी दाखवेल. ती डोंगरांतल्या नव्या मार्गाने जाते, ऱ्हाइन नदी दिसत नाही. कोब्लेन्झवरून जाणारी गाडी निवडा, तासभर जास्त लागला तरी चालेल, आणि डाव्या बाजूच्या खिडक्या धरा. नदी, लोरेलाय कडा आणि पलीकडच्या काठावरचे किल्ले, द्राक्षमळे त्याच बाजूला येतात.