तुम्ही विचारलंत म्हणून: नरक्याची पानं मी का देत नाही

"मॅडम, नरक्याच्या पानात कॅन्सरचं औषध आहे म्हणता, मग चार पानं द्यायला काय हरकत आहे?" व्याख्यान संपलं की कुणीतरी हे विचारतंच. मी नाही म्हणते आणि लोकांना वाटतं, बाई औषध दडवतेय.

दडवण्यासारखं आहे काय त्यात? नरक्या हे सह्याद्रीतलं झाड; त्यात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य आहे, हे 1972 पासून छापलेलं आहे. 1966 साली ते एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं करणाऱ्यांपैकी मनसुख वाणी तर आपल्या नंदुरबारचे. पण पेशंटना ते देऊन पाहिलं तेव्हा लघवीतून रक्त जायला लागलं, चाचण्या थांबल्या. त्याच्या रेणूत बदल करून बनवलेलं टोपोटेकान हे कॅन्सरचं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला 1996 उजाडलं.

आजऱ्याकडचे एक गृहस्थ थेट घरी आले होते. बायकोला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. उलट्यांनी ती इतकी बेजार झाली होती की पुढच्या केमोला जायला तयार नव्हती. त्यांनी पिशवीतून साल काढली, पानं काढली. देठाशी तिरकी, चुरगळल्यावर घाण वास येणारी. नरक्याच होता. "किती पाण्यात उकळायचं तेवढं सांगा, ताई."

मी म्हटलं, "दादा, यानं कॅन्सरची पेशी मरते, तशी हाडांच्या मगजातली मरते, आतड्यातलीही मरते. प्रमाण झाडागणिक बदलतं. वहिनींच्या पोटात किती गेलं, हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. उलट्यांचं डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत. केमोची तारीख चुकवू नका."

"मग इतकी वर्षं तुम्ही करता काय?" पिशवी बांधून ते निघाले. पाणीसुद्धा घेतलं नाही. वहिनींचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्यांचा राग मला कळतो. तरी पुन्हा कुणी आलं तर हेच सांगेन.

नोकरीला लागले तेव्हा वाटायचं, झाडाचं मोल लोकांना कळलं की ते झाड जपतील. मोल कळलं, आणि सह्याद्रीतला नरक्या तोडून ट्रक भरले गेले. मग गप्प बसायचं? ज्याचं नावच ठाऊक नाही ते झाड कोण राखणार? सध्या मी नाव सांगते, ठिकाण सांगत नाही. आता दुसऱ्या एका दुर्मिळ झुडपाच्या पानांचा अर्क प्रयोगशाळेत डिशमधल्या कॅन्सरच्या पेशींवर चालतोय. डिशमधल्याच, हे कृपा करून लक्षात ठेवा. त्या पेपरात गावाचं नाव द्यायचं की नुसता तालुका, यावर माझं आणि माझ्या विद्यार्थिनीचं अजून जमलेलं नाही.